समूह यादृच्छिक चाचणी

समूह यादृच्छिक चाचणी ही वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य संशोधनातील एक अभ्यासरचना आहे. या रचनेत एकेका व्यक्तीची नव्हे, तर गाव, शाळा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे कार्यक्षेत्र अशा संपूर्ण समूहांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे उपचार गट व नियंत्रण गट यांत केली जाते. महाराष्ट्रातील उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात झालेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी हे या रचनेचे महत्त्वाचे उदाहरण होय.

गरज

आरोग्यशिक्षण, गृहभेटी यांसारखे उपाय एका घरी देऊन शेजारच्या घरापासून दूर ठेवता येत नाहीत. एकाच गावात दोन्ही गट असल्यास माहिती एकमेकांत पसरते आणि गटांमधील फरक पुसट होतो. म्हणून संपूर्ण गाव हेच विभागणीचे एकक मानले जाते.

नमुना आकार

एकाच गावातील लोकांचे पाणी, आहार व दवाखाना बहुधा समान असतात. त्यामुळे त्यांच्या नोंदी परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात. या साम्याचे माप म्हणजे अंतर्गट सहसंबंध गुणांक. समूहातील व्यक्तींची संख्या 'म' व हा गुणांक 'र' मानल्यास नमुना किती पटींनी वाढवावा लागेल, हे पुढील सूत्राने मिळते:

रचना परिणाम = १ + (म − १) × र

अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्यात २० गावांतून प्रत्येकी १०० व्यक्ती निवडल्या व गुणांक ०.०१ आहे, अशी कल्पना केल्यास रचना परिणाम १.९९ येतो. म्हणजेच २,००० व्यक्तींकडून मिळणारी माहिती सुमारे १,००० स्वतंत्र व्यक्तींइतकीच ठरते. त्याच गावांतून प्रत्येकी २०० व्यक्ती घेतल्यास हा आकडा सुमारे १,३४० होतो. मात्र गावे ४० करून प्रत्येकी १०० व्यक्ती घेतल्यास तो सुमारे २,०१० होतो. व्यक्ती वाढवण्यापेक्षा समूह वाढवणे अधिक उपयुक्त असते, ते यामुळेच. विश्लेषणात हे साम्य विचारात न घेतल्यास योगायोगाने दिसलेला फरकही उपायाचा परिणाम म्हणून गणला जाण्याचा धोका असतो.

उस्मानाबाद चाचणी

१९९९ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत टाटा स्मारक केंद्र, बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा सहभाग होता. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचे ५२ समूह करण्यात आले. प्रत्येकी १३ समूहांना एचपीव्ही तपासणी, पेशीतपासणी, ॲसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी आणि नेहमीची आरोग्यसेवा (नियंत्रण गट) अशी विभागणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने एचपीव्ही गटात ३४, तर नियंत्रण गटात ६४ मृत्यू झाले. अन्य दोन तपासण्यांच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही.

गडचिरोलीतील प्रयोगाशी तुलना

अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. त्यात ३९ गावांत उपाय राबवला गेला आणि ४७ गावे नियंत्रणासाठी होती. परंतु गावांची विभागणी यादृच्छिक नव्हती. अशा वेळी दोन्ही गटांची आरंभीची स्थिती तपासणे आवश्यक ठरते. १९९३–९५ मध्ये नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे अनुक्रमे ६२ व ५८ होता. १९९७–९८ मध्ये तो उपाय राबवलेल्या गावांत २५.५ पर्यंत घटला. नियंत्रण गावांत मात्र ५९.६ राहिला.

नैतिक प्रश्न

गावाच्या वतीने सरपंच किंवा ग्रामसभेची अनुमती घेतली, तरी ती व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. नियंत्रण गटाला कोणती सेवा द्यावी, हाही वादाचा विषय आहे. उस्मानाबाद चाचणीतील नियंत्रण गटाची तपासणी न केल्याबद्दल आक्षेप घेतले गेले. त्या भागात नियमित तपासणीची सोयच नव्हती, अशी बाजू समर्थकांनी मांडली. त्यामुळे समूहांची संख्या, तुलनेचे स्वरूप आणि चाचणी मध्येच थांबवण्याचे निकष हे सर्व चाचणी सुरू होण्यापूर्वीच संख्याशास्त्रज्ञ व नैतिकता समिती यांच्यासह निश्चित करणे आवश्यक मानले जाते.