ढेकणांसाठी तापवलेले घर आणि बंदुकीची दारू

ढेकूण झालेली खाट उन्हात टाकावी, तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे, हा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अमेरिकेत आज त्याच तत्त्वावर संपूर्ण घर तापवले जाते. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे ढेकणांचा उपद्रव पुन्हा वाढला आणि नेहमीची अनेक कीटकनाशके त्यांच्यावर निष्प्रभ ठरू लागली. त्यानंतर हा उष्णतेचा उपचार रूढ होत गेला. त्याच देशात झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी जपून ठेवून ती घरीच पुन्हा भरण्याचा छंदही मोठा आहे. अनेक नेमबाजांच्या व शिकाऱ्यांच्या घरी त्यासाठी दारूचे डबे असतात. घर तापवण्याच्या दिवशी त्या डब्यांचे काय करावे, हा प्रश्न अशा घरांत हमखास उभा राहतो.

प्रौढ ढेकूण ४५ अंश सेल्सिअसला सुमारे दीड तासात मरतो. अंडी अधिक चिवट असतात. तेवढ्याच वेळात ती नष्ट करण्यासाठी ४८ अंश लागतात. हे तापमान गादीच्या पोटात, भिंतीच्या फटीत आणि कपाटाच्या सांध्यांतही पोहोचले पाहिजे. म्हणून खोलीतील हवा ५५ ते ६० अंशांपर्यंत नेऊन सहा ते आठ तास, कधी त्याहूनही अधिक काळ, तशीच राखली जाते आणि मोठे पंखे ती कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवतात. घरात एकही थंड जागा उरू नये, यावरच उपचाराचे यश अवलंबून असते.

दारूची गरज याच्या नेमकी उलट आहे. आजच्या काडतुसांत वापरली जाणारी दारू ही जुनी काळी दारू नव्हे. १८८४ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल विएय यांनी सिद्ध केलेल्या धूरविरहित दारूची ती वंशज आहे आणि तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज आहे. हा पदार्थ साध्या तापमानातही अतिशय मंद गतीने विघटित होत असतो. त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडे बाहेर पडतात आणि तीच पुढील विघटनाला वेग देतात. या साखळीला आवर घालण्यासाठी दारूत डायफिनिलअमाइनसारखा स्थिरकारक मिसळलेला असतो. तो ही ऑक्साइडे शोषून घेतो; मात्र शोषता शोषता स्वतः संपत जातो. तो संपला की दारू आतून तापू लागते आणि तिचा साठा मोठा असेल, तर आपोआप पेटही घेऊ शकते. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात १९०७ साली ‘इएना’ आणि १९११ साली ‘लिबेर्ते’ या युद्धनौका स्फोटात उद्ध्वस्त झाल्या आणि शेकडो माणसे दगावली. दोन्ही अपघातांचे कारण म्हणून अशा बिघडलेल्या दारूकडेच बोट दाखवले गेले.

याचा अर्थ ६० अंशांच्या खोलीत दारूचा डबा लगेच भडकेल, असा नाही. चांगल्या स्थितीतील धूरविरहित दारू पेटण्यासाठी साधारणपणे दीडशे अंशांहून अधिक उष्णता लागते. तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारणतः दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. या हिशेबाने आठ तासांच्या उपचारात दारूचे आयुष्य काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी घटेल. ताज्या दारूला हा तोटा सोसवतो. परंतु बरीच वर्षे पडून असलेल्या डब्यात स्थिरकारक किती उरला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय तापकाचा झोत जेथे थेट पडतो, तेथील तापमान खोलीच्या सरासरीहून बरेच जास्त असते. काळी दारू तर ठिणगीनेही उडते आणि काडतुसाला आग देणारे प्राइमर उष्णतेला व आघाताला संवेदनशील असतात.

मग हे सारे जाड लोखंडी तिजोरीत ठेवले तर? तिजोरी आतून सावकाश तापते हे खरे. पण नेमक्या त्याच गुणामुळे तिच्या अस्तरात दडलेले ढेकूणही बचावतात. म्हणून उपचार करणारे तिजोरी उघडी ठेवण्यास सांगतात. दुसरे असे की, दारूने पेट घेतलाच तर वायूंना चटकन वाट मिळावी, म्हणून तिचे मूळ डबे कमी दाबाला फुटतील असे बनवलेले असतात. बंदिस्त पोलादी पेटीत ती वाट उरत नाही आणि साध्या आगीचा स्फोट होऊ शकतो.

तेव्हा दारू, प्राइमर आणि भरलेली काडतुसे आदल्या दिवशीच घराबाहेर हलवणे, हाच योग्य मार्ग होय. दारू मूळ डब्यातच राहू द्यावी. दुसऱ्या बरणीत ओतू नये. प्राइमरही मूळ वेष्टनातच आणि दारूपासून वेगळे ठेवावेत. डबे घट्ट बंद असल्याने ढेकूण आत शिरत नाहीत. बाहेरून कापडाने पुसून, वरचे लेबल व झाकणाची कड तपासून घ्यावी. पुठ्ठ्याची बाह्य खोकी मात्र टाकून द्यावीत, कारण त्यांच्या घड्या ढेकणांच्या आवडीच्या असतात. उन्हात उभी असलेली मोटार तासाभरात ५० अंशांच्या आसपास तापते, म्हणून तिच्या डिकीत साठा ठेवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. शीतकपाटही नको, बाहेर काढताना डब्यावर दव धरते. परिचिताच्या घरातील थंड, कोरडी व कुलूपबंद खोली उत्तम. परंतु तेथील साठा धरून मर्यादा ओलांडली जाणार नाही, हे पाहावे. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ४९५ क्रमांकाच्या मानकानुसार निवासस्थानी मूळ डब्यांत २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो धूरविरहित दारू ठेवता येते; त्यापुढे ५० पौंडांपर्यंत किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीची अट आहे. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. डबा उघडताच तिखट, आंबूस वास आला किंवा तांबूस वाफ अथवा भुकटी दिसली, तर ती दारू हलवण्याच्या भानगडीत न पडता अग्निशमन दलाला कळवावे.

आपल्याकडे काडतुसे तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. त्यामुळे हा छंद येथे घरोघरी रुजलेला नाही. मात्र गोव्यात शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी कुटुंबे आहेत आणि त्यांच्याकडील काडतुसांतील दारूलाही हेच रसायनशास्त्र लागू पडते. उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा आणि चुलीलगतचे फडताळ रोज तापते. एका दिवसाच्या उपचारापेक्षा वर्षानुवर्षांची ही ऊब दारूला अधिक जाचते. त्यामुळे काडतुसे घरातील सर्वांत थंड, कोरड्या आणि कुलूपबंद जागी असावीत.