आमच्याकडे दिवस लवकर बुडतो

पहाटे पाच

मागच्या दाराची कडी वाजते. मुलांचे बाबा जागलीवरून परत आलेले असतात. धान निसवायला लागलं की रानडुकरं बांध्यांत उतरतात. ती खातात थोडं, लोळवतात फार. म्हणून भादवा सरत आल्यापासून कापणीपर्यंत घरटी एक माणूस रात्री मचाणीवर असतो. टॉर्च खुंटीला लागतो, वाजवायचं डबडं ओसरीत पडतं आणि चहाचं आधण चुलीवर चढतं. चहा पिऊन ते आडवे होतात आणि मी नळाच्या मागे लागते, कारण पाणी साडेपाचला येतं आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या बाजूला. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. त्यांच्या पुस्तकांमुळे पुण्या-मुंबईच्या वाचकाला नवेगावबांध म्हटलं की तळं, पाखरं आणि रान दिसतं. ते सगळं आहेच. पण त्या रानाच्या कडेला दप्तरं, डबे, रिबिनी आणि चाचणी परीक्षाही आहेत, आणि सप्टेंबरच्या शेवटी, घट बसायच्या आधीच्या आठवड्यात, आमच्या घराला पाखरांकडे बघायला फुरसत नसते.

सहा ते साडेआठ

या दिवसांत सूर्य सहाच्या आगेमागे उगवतो आणि सहाच्याच आगेमागे बुडतो. मुंबईला दोन्ही गोष्टी अर्धा तास उशिरा होतात. थोरली आठवीत असताना भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळेचा धडा होता, तेव्हा तिने वहीत मांडून दाखवलं होतं: आपण मुंबईच्या सात अंश पूर्वेला, अंशाला चार मिनिटं, म्हणजे अठ्ठावीस. घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच. सकाळी हे आपल्या फायद्याचं पडतं. मुंबईची आई अंधारात डबा भरत असेल तेव्हा माझ्या अंगणात ऊन आलेलं असतं. संध्याकाळी हा हिशेब उलटतो, त्याबद्दल पुढे.

भात आधी. आमच्याकडे पोळीशिवाय चालतं, भाताशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. घरचा तांदूळ एचएमटी, आणि घड्याळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, या धानाचं नाव खरोखर मनगटावरच्या घड्याळावरून पडलं आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड म्हणून गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यातून वेगळ्या लोंब्या निवडून हे वाण काढलं. त्या वेळी एचएमटीचं घड्याळ म्हणजे तोऱ्याची गोष्ट होती, तेच नाव धानाला चिकटलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांचं धान सगळीकडे पसरलं, त्यांच्या पदरात त्यामानाने फार थोडं पडलं. हा विषय काढला की मुलांचे बाबा अजूनही तापतात.

थोरलीच्या डब्यात भात चालत नाही. मैत्रिणींसमोर भाताचा डबा उघडायचा नाही, असा नववीतला नवा कायदा आहे. म्हणून तिला पोळी आणि कोचईच्या पानांच्या वड्या. पानं परसातली, सांडपाण्याच्या कडेला वाढलेली, हाताएवढी. आदल्या रात्री बेसन लावून, गुंडाळून, वाफवून ठेवायची आणि सकाळी फक्त तळायची. धाकटा चौथीत, गावच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्याला दुपारी शाळेतच जेवण मिळतं, त्याच्या डब्याची कटकट नाही. पण ताईला वडी मिळाली की त्यालाही पाहिजे असते, आणि ती तो चुलीपाशी उभ्या उभ्या खातो.

सात ते आठ हा तास कोणी बघू नये असा. गणवेश वाळलेला नसतो. हस्त लागायच्या तोंडावर रात्री एखादी सर येतेच, आणि कॉलर व खिसा ओला राहतो. तो चुलीवरच्या तव्याच्या उलट्या बाजूवर दाबून वाळवायचा. इस्त्री आहे, पण त्या वेळेला वीज असतेच असं नाही. मग वेण्या. थोरली पुढ्यात पाटावर बसते, हातात इतिहासाचं पुस्तक. मी केस ओढते, ती सन पाठ करते. मधूनच "माय, हळू ना वो, दुखते" म्हणते आणि पुढचा सन चुकतो. दोन वेण्या, वर दुमडून कानामागे काळ्या रिबिनींची फुलं. एक रिबीन रोज सापडत नाही. आज ती तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीच्या गळ्यात सापडली. पोळा होऊन महिना होत आला, तरी धाकट्याचा नंदी फडताळावर सजूनच उभा आहे, आणि त्याच्या शिंगाला दप्तर टांगायची याची खोड जात नाही.

"काहून घेतली रे माही रिबीन?"

"बैलाची होती ते."

आजीने निकाल नातवाच्या बाजूने दिला. आमच्याकडे ते न्यायालय एकच, आणि त्यावर अपील नाही.

नऊ

निळी बस येते. मानव विकासची. मुलींच्या शिक्षणासाठी मागास तालुक्यांत या गाड्या आल्या, जवळच्या गावांतल्या आठवीच्या पुढच्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट झाला. सरकारी योजनांवर बोटं मोडायला मलाही आवडतं, पण या बाबतीत खरं ते सांगायला हवं. माझ्या वेळी सातवीनंतर पुढे जाणाऱ्या मुली गावात विरळ होत्या. आज त्या फाट्यावर घोळक्याने उभ्या असतात आणि एकमेकींच्या वहीतलं गणित उतरवून घेतात.

फाटा घरापासून जरा लांब आहे. मध्ये मोहाची झाडं आणि नहराची पार. मुली एकट्या जात नाहीत, टोळीने जातात. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडल्या, पुढच्या वर्षी आणखी एक. वाघ वाढले याचा पेपरवाल्यांना आनंद, आणि आम्हालाही राग नाही. फक्त पोरींनी टोळीने जायचं, मोठ्याने बोलत जायचं, हे घराघरात ठरून गेलं. मोठ्याने बोलायला त्यांना सांगावं लागत नाही.

साडेदहाला धाकटा. त्याची शाळा दिसण्याच्या अंतरावर, तरी आजी पोचवायला जाते, कारण वाटेत तिच्या दोन मैत्रिणींची ओसरी लागते.

अकरा ते साडेचार

आता मी आणि बांधी. निंदण आटोपलं, कापणीला अवकाश, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं शेतात काम नाही. पण हेच दिवस तुडतुड्यांचे. पानाकडे वरून बघून काही कळत नाही, सगळं हिरवंगार असतं. वाकायचं, चूड बुडाशी धरायचा आणि तळहाताने दोन थापा मारायच्या. खाली पाण्यावर भुरकट, तिळाएवढे कीटक पडतात आणि आडवे आडवे चालायला लागतात. ते मोजायचे. चुडाला पाचाच्या पुढे गेले, दहाकडे निघाले, की बांधीतलं पाणी तीन-चार दिवस काढून टाकायचं. तरी नाही हटले तर फवारणी. चुकलं तर बांधीच्या मधोमध भाजल्यासारखं गोल टक्कल पडतं आणि बघता बघता रुंद होतं. आज चार होते. शेजारच्या बांधीत जास्त वाटले, म्हणून त्यांच्या धुऱ्यावर जाऊन सांगून आले.

पाणी काढायचं म्हटलं तरी जीव वर-खाली होतो, कारण पाणी मिळतं पाळीने. इटियाडोहाच्या नहराचं पाणी आपल्या पाळीला घ्यायचं आणि भारी धानाला शेवटपर्यंत पुरवायचं. हलकं धान दिवाळीच्या आगेमागे कापायला येतं, भारी त्यानंतर.

तोवर घरात पैसा नाही. शहरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. त्याच्याकडे सणाच्या तोंडावर बोनस येतो, आमच्याकडे सणाच्या तोंडावर सगळं रानात उभं असतं. बी, खत, रोवणीची मजुरी, सगळं लावून झालेलं. २०२५-२६ च्या हंगामाला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. पण धान कापून, चुरून, केंद्रावर नेऊन, काटा होऊन पैसे खात्यात पडेपर्यंत थंडी पडते. आणि मुलांचे खर्च नेमके आत्ताचे: वह्या, परीक्षा, सहलीची आगाऊ रक्कम, नवरात्रीतल्या नाचाचा घागरा. हे सगळं माझी शिलाई मशीन ओढते. नवरात्र आणि दिवाळीची ब्लाउजं याच दिवसांत येतात, म्हणून दोनला शेतातून आले की जेवून चारपर्यंत मशीन.

ई-पीक पाहणीचं काम थोरलीने केलं. बाबा मोबाईल हातात धरून बांधीत उभे राहिले, ती धुऱ्यावरून ओरडत होती: "तिकडे नाही जी बाबा, धानाकडे तोंड करा." फोटो निघाला, अक्षांश-रेखांश लागले, पीक सातबाऱ्यावर चढलं. नाहीतर पुढे केंद्रावर विकताना अडतं. घरोघरी हे काम आता शाळेतली पोरंच करतात. त्याचे गुण कुठे मिळत नाहीत.

पाच

धाकटा येतो तो ओरडत. आज शाळेत काय होतं, हे विचारायच्या आधीच सांगतो. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ असं शाळेचं माप आहे. याच्या वर्णनावरून याने तिघांचा खाल्ला असावा. तरी घरी आल्यावर भूक आहेच. खिशातून ओले शिंगाडे निघतात. तलावावर ढिवर बांधवांनी पहिली तोड केली की शाळेच्या वाटेवर टोपली बसते. हिरवी साल दाताने फोडायची, आत दुधाळ गर. शिंगाच्या टोकाने ओठ टोचतो, आणि खिशाला जो काळपट डाग पडतो तो कशानेच निघत नाही. उद्या तोच गणवेश.

साडेपाच ते सव्वासहा

सकाळी सूर्याने दिलेला अर्धा तास आता तो वसूल करतो. हायस्कूल पाचला सुटतं. बस भरते, निघते, फाट्यावर यायला सहा वाजतात. सप्टेंबरच्या शेवटी सहाला सूर्य टेकतो. ऑक्टोबर अर्धा झाला की पावणेसहालाच बुडतो, आणि नोव्हेंबरात मुली उतरतात तेव्हा चक्क अंधार. त्याच क्षणी मुंबईची नववीतली मुलगी उजेडात घरी पोचलेली असते. शाळेची वेळ ठरवणाऱ्याने दोघींच्या शाळा सारख्याच वेळी सोडल्या, त्यात वाईट हेतू नाही. पण पूर्वेच्या जिल्ह्यांनी, निदान दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, शाळा अर्धा तास आधी भरवून अर्धा तास आधी सोडली तर काय बिघडेल? सकाळी उजेड भरपूर असतो. तो आम्ही नुसता वाया घालवतो, आणि संध्याकाळी तेवढ्याच उजेडासाठी टॉर्च घेऊन फाट्यावर उभे राहतो. पालकसभेत हे मी बोलले. माना हलल्या.

तर आम्ही बाया उभ्या राहतो. कोणी मांडीवर कोथिंबीर निवडते, कोणी फोनवर बोलते. सगळ्या गावाची खबरबात इथेच होते: कोणाच्या धानावर करपा, कुठल्या मंडळाची शारदा किती उंच, गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतली कोणती मंडळी स्वेटर विकायला यंदा कुठल्या शहरात निघाली. ती माणसं सामान बांधायला लागली की थंडीचं नक्की समजायचं. वसाहत १९७२ पासूनची, त्यामुळे आता त्यांच्या तिसऱ्या पिढीच्याही बातम्या असतात.

बस येते. दिव्यांच्या उजेडात आधी रिबिनी दिसतात, सकाळची फुलं केव्हाच सुटून लोंबकळत असतात.

सात ते नऊ

अभ्यास. धाकटा नऊच्या पाढ्यावर अडलेला, आजी त्याला पावकी शिकवायला निघालेली. पावकी आता शाळेत कोणी विचारत नाही, हे आजीला पटत नाही. थोरलीला फोन पाहिजे, कारण प्रश्नपत्रिका ग्रुपवर आली आहे. फोन बाबांना पाहिजे, कारण जागलीला जायच्या आधी हवामान बघायचं आहे.

"आयकलं का जी, तिला आधी द्या. पाऊस काही तुम्हाला विचारून येणार नाही."

फोन तिला मिळाला. जेवणात भात, लाखोरीचं वरण, आणि बोडीतले छोटे मासे. काटे काढून देण्याचं वय धाकट्याचं संपलं असं मी म्हणते, आणि आजी काढून देते.

नऊ

मच्छरदाणी. हे काम मी कोणावर सोपवत नाही. कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचायच्या, एक वीत आत, आणि मुलांना सांगायचं की रात्री हात बाहेर काढायचा नाही. डास आणि मलेरिया आहेच, पण पावसाळा सरताना मण्यार घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाशी येते. तिचा दंश कधी कधी कळतही नाही. नीट खोचलेली जाळी दोघांनाही अडवते. बाबा टॉर्च घेऊन निघतात, दाराबाहेर बूट उलटे करून झटकतात.

मी दिवा मालवायला जाते तर जाळीतून थोरलीचा आवाज: "माय, उद्या शनवार. शारा सकाळची. बस सातच्या आत जाते."

वड्या वाफवलेल्या नाहीत, गणवेशाचा खिसा ओला आहे, आणि गजर पाचचा लावलेला. तो मी साडेचारचा केला.