काचीगुड्याहून तिसरे स्टेशन

हैदराबादचे काचीगुडा स्थानक १९१६चे, उस्मानिया विद्यापीठ १९१८चे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. त्याआधी मराठवाड्यातली अनेक मुले मनमाड-काचीगुडा मार्गाने पदवीसाठी इथेच उतरत. आजही काचीगुड्याहून सिकंदराबादकडे जाणारी लोकल विद्यानगर, जामिया उस्मानिया आणि मग ‘आर्ट्‌स कॉलेज’ला थांबते.

नोकरी-संसारात शिक्षण राहून गेलेल्यांसाठी हैदराबादने मोठे काम केले आहे. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये याच शहरात सुरू झाले. आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी. शाळेचा दाखला नसलेल्या प्रौढांनाही तेव्हा पात्रता परीक्षा देऊन पदवीला बसता येई. हा निर्णय फार मोलाचा होता. ‘इग्नू’ १९८५ची आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चे, म्हणजे दोन्ही यानंतरची.

घरबसल्या शिकायचे तर केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आहे. शिकणे विनामूल्य, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे शुल्क. यंदाच्या अटी आणि मुदती संबंधित विद्यापीठाकडूनच तपासून घ्या. वयाचा विचार करून मात्र थांबू नका.