दोन यमुना आणि ‘जोड्या लावा’

स्पर्धा परीक्षेच्या मराठीच्या मार्गदर्शक पुस्तकात ‘जोड्या लावा’ हमखास असते: डावीकडे कादंबऱ्या, उजवीकडे लेखक. ‘ययाति’ म्हटले की खांडेकर, ‘कोसला’ म्हटले की नेमाडे, ‘फकिरा’ म्हटले की अण्णा भाऊ साठे. कादंबरी न उघडताही या जोड्या बिनचूक लावता येतात, म्हणून अनेक साहित्यप्रेमी या प्रश्नप्रकारावर नाराज असतात. नाराजी रास्त आहे. पण तिच्यापोटी लेखकाचे नाव हीच फक्त पाठांतराची बाब ठरवली जाते, ते मला पटत नाही. कादंबरीचा शेवट तसाच का झाला, याचा शोध पुष्कळदा त्या नावापासूनच सुरू होतो.

मराठी कादंबरीत दोन यमुना आहेत. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ची (१८५७) नायिका यमुना आणि हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिकाही यमुनाच. दोघी विधवा होतात आणि दोन्ही कादंबऱ्यांचा विषय हिंदू स्त्रीची, विशेषतः विधवेची दैना हा आहे. परीक्षार्थ्याचा गोंधळ उडावा इतके हे साम्य आहे. पण पदमनजींची यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. आपट्यांच्या यमुनेचे सक्तीने केशवपन होते आणि तिची कहाणी मृत्यूपाशी संपते. पदमनजींनी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांच्या लेखी सुटकेची वाट होती, आणि ती समाजाबाहेर नेणारी होती. आपटे त्याच समाजात राहून सुधारणा मागत होते. ‘करमणूक’ या स्वतःच्या साप्ताहिकातून १८९० पासून ही कथा क्रमशः देताना त्यांच्यासमोर पांढरपेशा घरांतले वाचक होते. यमुनेला सुखरूप बाहेर काढले असते तर त्या वाचकांचीही जबाबदारीतून सुटका झाली असती. तिला वाचवायचे नाही, हा निर्णय आपट्यांच्या भूमिकेतूनच आला असावा. नावांची अदलाबदल झाली, तर दोन्ही शेवट अनाकलनीय होतात.

यावर आक्षेप येतो की कादंबरी स्वयंपूर्ण असावी. लेखक कोण, याने वाचकाला फरक पडू नये. यात तथ्य आहे. आपट्यांची यमुना स्वतःच आपली हकिकत सांगते आणि ती खरी वाटते, ती लेखकाचे नाव पाहून नव्हे. पण एका पुरुषाने एका विधवेच्या तोंडून, तिच्या घरगुती बोलीत, एवढी मोठी कहाणी सांगितली, हे यश मोजायचे तर मुखपृष्ठावरचे नाव वाचावेच लागते. शिवाय नाव दडवणे हाही लेखनाचाच भाग असू शकतो. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आणि पाठोपाठ १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी विभावरी शिरूरकर या नावाने आली, तेव्हा मराठी समाज ढवळून निघाला. स्त्रीच्या शरीराविषयी आणि मनाविषयी इतके उघड लिहिणारी ही कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे. १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर मालतीबाई बेडेकर. आता ‘हिंदोळ्यावर’समोर यातले कोणते नाव लिहावे? माझे उत्तर ठाम आहे: विभावरी शिरूरकर. त्या नावाच्या आडोशाशिवाय एका शिक्षित तरुणीला त्या काळात हे छापणे फार जड गेले असते, आणि ते नाव वगळले की पुस्तकाचे धाडसही झाकले जाते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या तर असलेच प्रश्न हवेत, आणि सगळ्या कादंबऱ्या वाचायला उमेदवाराला वेळ कुठे आहे? मान्य. तरी त्याच साच्यात चांगला प्रश्न बसतो. कर्णावर मराठीत दोन लोकप्रिय कादंबऱ्या आहेत, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’. नुसती शीर्षके दिली की गोंधळ होतो आणि गोंधळलेला उमेदवार नाणे उडवतो. त्याऐवजी असे विचारावे: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आळीपाळीने स्वतःच्या तोंडून बोलतात, ती कादंबरी कोणाची? किंवा, विधवा यमुना ज्या कादंबरीत पुन्हा लग्न करते, तिचा लेखक कोण? पर्याय चारच, गुण एकच, आणि तपासणी यंत्राकडेच राहते. तयारीची पुस्तके मात्र बदलावी लागतील, कारण शीर्षकापुढे नुसते नाव छापून त्यांचे भागणार नाही.