युरोपचा कारभार आपण कशाला शिकायचा?

बी.कॉम. नंतर युरोपीय शासनव्यवस्था व लोकधोरण या विषयात एम.ए. करण्याचा विचार बोलून दाखवला की पहिला प्रश्न येतो, "जोयड्याला त्याचा काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे.

युरोपीय संघात आज २७ देश व २४ अधिकृत भाषा आहेत. युरोपीय आर्थिक समुदायाच्या परिषदेने १९५८ साली काढलेला पहिलाच विनियम भाषांविषयी होता. नागरिकाने यांपैकी ज्या भाषेत संघाला पत्र लिहावे, त्याच भाषेत उत्तर मिळते. घरी मराठी-कोकणी आणि कचेरीत कन्नड, अशा आपल्या भागाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरे तत्त्व १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारातले. जे काम खालच्या पातळीवर नीट होते, ते वरच्यांनी हाती घेऊ नये. सुपा धरणात जुने सुपा बुडाले, पुढे व्याघ्र प्रकल्प आला. अशा वेळी ग्रामसभेचा शब्द किती चालावा, हा तोच प्रश्न.

खर्चाची धास्ती खरी आहे. पण २००४ साली सुरू झालेली 'इरॅस्मस मुंडस' शिष्यवृत्ती आपल्यालाही खुली आहे.

डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडनमध्ये लिहिला, पण प्रश्न इथलाच होता. आपणही आपला प्रश्न सोबत घेऊन जावे.