वरकशीची नाचणी आणि सातबारावरचे नाव

पावसाळा तोंडावर आला की भाईंदर स्टेशनबाहेर डोंगरपाड्यांतल्या आदिवासी भगिनी रानभाजीच्या पाट्या घेऊन बसतात. शेवळे, कुरडू, टाकळा, भारंगी, फोडशी, कंटोळी. शेवळ्याच्या जुडीबरोबर त्या मूठभर काकडेही देतात. काकडाच्या आंबटपणाशिवाय शेवळे शिजवले तर घशाला खाज सुटते. हे ज्ञान कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही. ते डोंगरात राहणाऱ्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे.

इंद्रलोकच्या इमारतींतून पूर्वेकडे पाहिले तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. याच डोंगरांत आपली कान्हेरी लेणी आहेत. तेथे भिक्खू संघाने उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी खडकात पन्हाळी खोदून पोढ्यांत साठवले. तेथील शिलालेखांत संघाला शेत दान दिल्याचे उल्लेख आहेत. डोंगर, पाणी आणि शेत यांचा मेळ घालण्याची विद्या आपल्या धम्माच्या इतिहासात सुमारे दोन हजार वर्षांपासून आहे.

पण आज आम्हाला लिहायचे आहे ते आपल्या गावाकडच्या डोंगराविषयी. इंद्रलोक परिसरातल्या अनेक बौद्ध कुटुंबांचे गाव रत्नागिरी, रायगड नाहीतर सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. परमपूज्य बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले आणि माता रमाईंचे वणंद हे दापोली तालुक्यातले. दोन्ही गावे डोंगराळ मुलखातली. या मुलखात भाताची खाचरे सखल भागात आणि थोडी. बाकी सारा उतार. त्या उताराला महसुली भाषेत ‘वरकस’ म्हणतात. बौद्धवाडीच्या वाट्याला जे काही आले, ते बहुधा हे वरकसच.

कुदळीची शेती

जेथे नांगर चालत नाही तेथे कुदळ चालते. उन्हाळ्यात झाडाच्या फांद्या, पाला, शेण पसरून राब भाजायचा. पावसाच्या सुरुवातीला त्या भाजलेल्या जागेत नाचणी पेरायची आणि रोप वाढले की उतारावर लावायचे. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी हरीक किंवा तीळ-कारळा. मग जमीन काही वर्षे पड टाकायची, म्हणजे झुडपे वाढून मातीला पुन्हा कस येतो. पीक बदलण्यामागे शास्त्र होते. पुस्तकी नव्हते, पण पक्के होते.

हे नुसते धान्याचे शेत नव्हते, तो डोंगरावरचा भाजीमळाच होता. नाचणीच्या कडेने काकडी, चिबूड, दोडका, पडवळ, भेंडी, मिरची लावलेली असे. पुरुष मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, आणि मागे बाई, म्हातारी माणसे आणि पोरे. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, सगळे बायकांच्या हातांवर. एकमेकींच्या शेतावर जाऊन कामाची फेड कामाने करायची. रोख पैसा मनिऑर्डरीने येई, पण पोट वरकशीवर भरे. मुंबईच्या गिरण्या ज्या मजुरांवर चालल्या, त्यांच्या मुलाबाळांना पोसणारी जमीन ही होती. या हिशेबाची नोंद कोणत्याच खातेवहीत झालेली नाही.

नाचणीची भाकरी, आंबील, बाळाला नाचणीचे सत्त्व, हे आपले रोजचे अन्न होते. त्याला पूर्वी ‘गरिबाचे खाणे’ म्हणून नाक मुरडले जाई. आज डॉक्टर तीच नाचणी लिहून देतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. आपण ज्या वरीचा भात करून खाल्ला, ती इतरांच्या उपवासाची भगर म्हणून दुकानात चढ्या भावाने विकली जाते. धान्य तेच. खाणारा बदलला की मान बदलतो!

तिसरा वाटा खोताचा

घाम आपला होता, मग जमीन कोणाची होती? खोताची. खोती गावांत भाताच्या पिकाचा अर्धा वाटा खोत नेई, त्याला अर्धेल म्हणत. आणि कुदळीने खणलेल्या वरकशीच्या पिकातलाही तिसरा वाटा तो नेई, ती तिर्धेल. शिवाय वेठ वेगळी. राबणाऱ्याच्या घरी वर्षाचे धान्य पुरत नसे, म्हणून तरुण मुंबईची वाट धरत.

बाबासाहेबांनी हे दुखणे मुळातून ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे बिल आणले, कारण वतनाच्या तुकड्यापायी सारा समाज गावकीच्या चाकरीला जखडला होता. चरी येथील शेतकऱ्यांच्या दीर्घ संपाला त्यांनी पाठिंबा दिला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कुणबी, आगरी आणि महार शेतकरी खांद्याला खांदा लावून चालले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. वतने १९५८ च्या कायद्याने संपली. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह केले. जमीन म्हणजे नुसती माती नव्हे, ती माणसाची पत आहे, हा त्या लढ्यांचा अर्थ होता.

पण कायदा कागदावर चालतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्या कुळाला मालक करण्याची वाट खुली केली. तरी ज्याचे नाव कूळ म्हणून लागलेले नव्हते, तो कसत असूनही कोरडा राहिला. १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी सांगड घालून फळबाग लागवडीची योजना काढली आणि कोकणच्या कितीतरी वरकस उतारांवर आंबा-काजू उभे राहिले. तेव्हाही कलम लागले ते सातबारावर ज्याचे नाव होते त्याच्याच उतारावर.

आज चित्र काय आहे?

आज वाडीत म्हातारी माणसे उरली आहेत. वानर आणि रानडुकरे पीक ठेवत नाहीत. पड ठेवण्याची वर्षे कमी झाली की उतारावरची माती पावसात वाहून जाते. सातबारावर आजोबांचे नाव अजून तसेच आहे आणि त्याखाली वीस-पंचवीस वारस मुंबई, ठाणे, वसईत पांगलेले. एखाद्या दिवशी दलाल येतो, एकेकाला गाठतो, थोडे पैसे हातावर ठेवतो आणि सही घेतो. ज्या उतारासाठी पणजोबांनी खोताची तिर्धेल सोसली, तो एका दुपारी जातो.

उतार निरुपयोगी असतो, हे खरे नाही. पुणे जिल्ह्यात आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासींनी ‘पडकई’ जपली आहे. सगळ्यांनी मिळून उतार फोडायचा, दगडाची ताल रचायची आणि भाताचे खाचर तयार करायचे. या भागात काम करणाऱ्या शाश्वत संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ओडिशातल्या कोरापुटच्या आदिवासींच्या डोंगरी शेतीला त्याच वर्षी जागतिक अन्न व कृषी संघटनेने जागतिक वारसा म्हणून मान दिला. जग ज्याला वारसा म्हणते, ते आपण दलालाच्या हाती द्यायचे काय?

काय करावे?

आम्ही कारकुनी करणारी माणसे, कागदाची किंमत जाणतो. म्हणून समाजबांधवांना चार गोष्टी सुचवतो.

पहिली, महाभूलेखवर आपल्या गावचा सातबारा आजच पाहा. सहीचा उताराही पंधरा रुपयांत निघतो. आजोबा-वडील गेले असतील तर तलाठ्याकडे वारस नोंद करा. बहिणींची आणि आत्यांची नावे गाळू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि तो कायदा आपल्या बौद्ध घरांनाही लागू आहे. ज्या बायकांनी वरकस कसली, त्यांच्या लेकींना डावलणे बाबासाहेबांच्या विचारात बसत नाही.

दुसरी, जमीन वतनाची असेल तर तिच्या व्यवहारावर सरकारी अटी आहेत. तहसील कचेरीत त्या समजून घेतल्याशिवाय कोणाच्याही कागदावर सही करू नका.

तिसरी, सगळ्यांनी गावी परत जावे असे आम्ही म्हणत नाही. पण २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणात दहा गुंठ्यांपासून लागवडीला अनुदान आहे आणि ते तीन वर्षांत मिळते. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. म्हणजे भावकी एकत्र बसली तरच झाड लागेल. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जातींची काजूची कलमे उतारावर चांगली येतात. मधल्या जागेत पहिली काही वर्षे नाचणी घेता येते आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नाचणीच्या सुधारित जातीही दिल्या आहेत.

चौथी, वाडीत जी म्हातारी आई नाहीतर चुलती असेल, तिला या मे महिन्यात विचारा. कोणत्या उतारावर काय पिकत होते, कोणत्या भाजीला काय घालायचे, हद्दीचे झाड कोणते. वहीत लिहून घ्या आणि मुलांना सोबत बसवा. हद्दीचे ते झाड ज्यांना ठाऊक आहे, अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

१४ एप्रिलला आणि वैशाख पौर्णिमेला आपण गावी एकत्र येतोच. या वेळी विहारात वंदना झाली की अर्धा तास सातबारा वाचा.

जयभीम!