घोडी हिसका मारून पळते तेव्हा



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. बजाजनगर म्हटलं की कंपन्यांचे भोंगे, शिफ्टच्या गाड्या आणि एकाला एक लागलेली घरं डोळ्यांपुढे येतात. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वस्ती वाढली. इथे घोडी कुठून आली? पण लग्नसराईत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बघा. बँडच्या मागे नटवलेली घोडी येतेच. वरात संपल्यावर ती कुणाच्या तरी दारात जाते. तिची लीद कुणीतरी काढतं, तिला पाणी कुणीतरी दाखवतं. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा त्या घरची बाई.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी अशी घोडी आहे. वरातीत घोडी मालक धरतात. आषाढीनंतर लग्नं थांबली की मालक दुसऱ्या कामाला जातात आणि सकाळी घोडी चरायला नेण्याचं काम ताईंकडे येतं. मागच्या पावसाळ्यात एके दिवशी गवत दिसताच घोडीने मान झटकली आणि निघाली. दोरी सुटू नये म्हणून ताईंनी तिचे दोन वेढे पंजाभोवती घेतलेले होते. त्या दहा-बारा पावलं फरफटत गेल्या. दोन बोटांना टाके पडले, एक बोट मोडलं. ताई ब्लाउज शिवतात. सहा आठवडे मशीन बंद, आणि गटाच्या कर्जाचा हप्ता तोंडावर. घोडी गाड्यांच्या रस्त्याकडे पळाली होती, ती नशिबाने धडधाकट सापडली.

त्या बैठकीत आम्ही हप्त्याचं बघितलंच. पण सगळ्या जणी विचारू लागल्या की हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? मग आम्ही पशुवैद्यकांना विचारलं, शहरात पूर्वी टांगा चालवलेल्या एका आजोबांना विचारलं, आणि त्या घोडीवर करूनही पाहिलं. तेच आज सांगतो आहोत.

सगळ्यात आधी हाताचं. दोरी हाताला, मनगटाला किंवा कमरेला कधीही गुंडाळायची नाही. गाय असो, म्हैस असो, बोकड असो, नियम तोच. जादा दोरीच्या घड्या करायच्या आणि त्या घड्या मुठीत धरायच्या, म्हणजे मूठ उघडली की दोरी सुटते. दोरी सुती आणि जाड घ्या, आठ-दहा फूट लांब. नायलॉनची दोरी घसरली की तळहात भाजून काढते. पदर खोचून घ्या, पायात चपलेऐवजी बूट घाला, आणि लेकराला सोबत नेऊ नका. घोड्याच्या दावणीत झालेली जखम लहान असली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

आता घोडी ओढते का, ते बघू. लोक म्हणतात, "माजली आहे." थोडं खरं आहे, पण तो माज आपणच चढवलेला असतो. लग्नसराईत घोडी रोज चालते, उभी राहते, दमते. तेव्हा तिला हरभऱ्याची चंदी लागते. चातुर्मासात काम बंद होतं, घोडी दिवसभर अगाडी-पिछाडीला बांधलेली असते आणि चंदी मात्र तेवढीच चालू राहते. ती ताकद जाणार कुठे? त्यात बाहेर हिरवं गवत उगवलेलं असतं. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान असतं, म्हणून मोकळा घोडा दिवसरात्रीत १४-१६ तास थोडं थोडं चरत असतो. रात्रभर रिकाम्या पोटी उभ्या असलेल्या घोडीला गवताचा वास आला, की दोरीच्या टोकाला कोण आहे हे तिला आठवतही नाही. म्हणून काम थांबलं की चंदी कमी करा, आणि निघण्याआधी अर्धा तास कोरडा कडबा नाहीतर वाळलेलं गवत टाका. आमच्या ताईंचा निम्मा त्रास एवढ्यानेच गेला.

उरलेला निम्मा सवयीचा. एकदा हिसका मारला, दोरी सुटली, गवत मिळालं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा ती ठरवूनच हिसका मारते. जनावर यात लबाडी करत नाही, त्याला जे शिकवलं गेलं तेच ते करतं.

टांगेवाले आजोबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेटी, घोडीशी जोर नको लावू, तिला वळव." यातली गंमत समजून घ्या. घोडीचं वजन साडेतीनशे-चारशे किलो. तिने तोंड पलीकडे फिरवून मान सरळ केली, की ते सगळं वजन दोरीवर येतं. मग ताईच काय, दोन पहिलवानही तिला धरू शकत नाहीत. पण मान आपल्याकडे वळलेली असली तर तिचे मागचे पाय आडवे पडतात आणि जोर निघून जातो. म्हणून आपण पुढे चालून तिला मागे ओढत न्यायचं नाही. तिच्या डाव्या अंगाला, डोकं आणि खांदा यांच्या मधे चालायचं. उजवा हात हनुवटीखाली वीतभर अंतरावर दोरीला, डाव्या हातात घड्या. कान पुढे टवकारले, मान ताठ झाली, पावलं भरभर पडू लागली, की हिसका येणार. त्याच क्षणी तिचं तोंड आपल्याकडे वळवा आणि तिला आपल्याभोवती एक फेरी घालायला लावा. थांबली की दोरी लगेच ढिली सोडा. ढिली दोरी हेच तिचं बक्षीस. सतत ताणून धरली तर तीही ताणत राहते.

आणि मान सरळ होऊन ती निघालीच, तर सोडून द्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण "सोडली कशी?" म्हणून घरचे बोलतील या भीतीने बाया दोरी धरून ठेवतात. घोडी परत धरता येते. सुटलीच तर रस्त्यावर जाऊ नये, म्हणून चरायला नेताना वर्दळीच्या रस्त्याकडची वाट टाळा. मागे पळत जाऊ नका. घमेल्यात थोडे हरभरे वाजवत आडव्या बाजूने हळूहळू जवळ जा.

शिकवणी घरच्या अंगणात करायची, गवताजवळ नाही. रोज १०-१५ मिनिटं पुरे. दोन पावलं चालवा, थांबवा, एक पाऊल मागे सरकवा, दोरी ढिली सोडा. थांब म्हटल्यावर थांबली की भिजवलेल्या हरभऱ्याची एक मूठ. मग वाटेवर तेच. कधी गवतापर्यंत नेऊन न चारता परत आणा, कधी वाट बदला, म्हणजे दोरी लागली की गवत मिळालंच हे तिच्या डोक्यातून जाईल. आमच्या ताईंना यात तीन आठवडे लागले. मधे दोन दिवस पाहुणे आले म्हणून खंड पडला, तर घोडी पुन्हा पहिल्यासारखी वागली.

सोडतानाही अपघात होतात. दोरी निघाली की घोडी गर्रकन फिरून दुगाण्या झाडते आणि आपण नेमक्या मागे असतो. म्हणून कुंपण असेल तर आत गेल्यावर तिचं तोंड फाटकाकडे करा, उभी करा, हरभरे द्या, मग दोरी काढा आणि आपण मागे सरका. पुठ्ठ्यावर थाप मारून पळवू नका. आपल्याकडे कुंपणं कमीच. गायरानात किंवा मोकळ्या प्लॉटवर मेख ठोकून लांब दोरीवर बांधणंच बरं, आणि दोरी पायात अडकत नाही ना, हे अधूनमधून बघत राहा.

घरच्या पुरुषांचा एक सल्ला आम्हाला पटला नाही. "काटेरी लगाम घाला, बरोबर चालेल," असं ते म्हणतात. जनावरांना काटेरी लगाम वापरायला १९६५ च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे. आणि उपयोग तरी काय? या घोडीच्या ओठांचे कोपरे वरातीच्या लगामाने सोललेले होते. तोंडाजवळ हात गेला की ती मान झटकायची, आणि आम्ही त्याला हट्ट समजत होतो. महिनाभर साधी सुती म्होरकी घातली. नाकावरची पट्टी हाडावर बसवली, आत दोन बोटं जातील इतकी सैल. घोड्याचे दात वाढत आणि झिजत राहतात, धारदार कडा गालाला आतून कापतात, म्हणून डॉक्टरांकडून दातही बघून घेतले. घोडी अचानक ओढायला लागली असेल तर आधी तोंड, पाय आणि पाठ तपासा. १९६२ हा पशुसेवेचा नंबर घरात लिहून ठेवा.

आणखी एक. घोडी शहाणी झाली म्हणून पहिल्याच दिवशी चार तास चरायला सोडू नका. सुरुवातीला अर्धा तास, मग दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे अधाशासारखं हिरवं खाल्लं की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावू शकतं. लोळायला लागली, वळून पोटाकडे बघायला लागली, लीद थांबली, की घरगुती काढे करत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

ताईंचं एक बोट अजून पूर्ण वळत नाही. काजं-बटणं आता गटातली दुसरी बाई करून देते, बाकीचं शिवण त्या करतात. हप्ते सुरळीत आहेत. घोडी सकाळी त्याच नेतात, मूठ सैल ठेवून.